गाडी रस्त्यात बंद पडली तर नेमकं करायचं काय (नव्याने चालवायला लागलेल्यांसाठी)

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स घ्यायला शिकवतात, चढावर हाफ क्लचवर गाडी धरायला शिकवतात, पण स्टेपनी कुठे असते आणि जॅक कुठे लावायचा हे बहुतेक ठिकाणी कोणी दाखवतच नाही. मग लायसन मिळतं, गाडी घेतो, पहिल्या मोठ्या सुट्टीला कोकणात नाहीतर महाबळेश्वरला निघतो आणि घाटात मध्येच गाडी राहते. हे लिहितोय ते अशा लोकांसाठी. मेकॅनिक बनवायचा विचार नाही, चार-पाच गोष्टी स्वतः करता आल्या आणि कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाही एवढं कळलं तरी बास.

एक गोष्ट आधीच सांगतो. बंद पडलेली गाडी सहसा कोणाला काही करत नाही, तिच्या मागे-पुढे रस्त्यावर उभी असलेली माणसं उडवली जातात. त्यामुळे बोनेट उघडायची घाई करूच नका, आधी माणसं बाजूला.

आधी गाडी आणि माणसं बाजूला

काहीतरी बिनसलंय असं वाटलं (आवाज बदलला, स्टिअरिंग ओढायला लागलं, पिकअप गेला) की लगेच चारी इंडिकेटर चालू करा, म्हणजे तो लाल त्रिकोणाचा स्विच, आणि गाडीत जेवढा जीव उरलाय तेवढ्यात डावीकडे जा. टायर पंक्चर असला तरी हळूहळू रिमवर शंभर-दोनशे मीटर जाऊन सपाट जागा गाठलेली परवडते, टायर जाईल फारतर, पण वळणावर किंवा वळण संपल्यावर लगेच उभं राहू नका कारण मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. चाकं डावीकडे वळवून हँडब्रेक ओढा.

उतरायचं डाव्या दारांनीच, ड्रायव्हरनेसुद्धा शक्य असेल तर सरकून डावीकडून. पोरं, म्हातारी माणसं सगळी रेलिंगच्या पलीकडे आणि गाडीच्या पुढे नाही तर थोडी मागच्या बाजूला उभी करा, कारण मागून कोणी ठोकलं तर गाडी पुढे ढकलली जाते. एक्सप्रेसवेवर लोक गाडीला टेकून सेल्फी काढताना, डब्यातलं खाताना दिसतात, ते बघून अक्षरशः पोटात गोळा येतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला कारला ताशी १०० ची मर्यादा आहे आणि समृद्धीवर १२०. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, मागच्याने दोन सेकंद मोबाईलमध्ये बघितलं की तो ६५ मीटर पुढे आलेला असतो.

गाडी मधल्या लेनमध्येच मेली आणि उतरणं धोक्याचं वाटतंय तर बेल्ट लावून आत बसा, चारी इंडिकेटर चालू आणि लगेच ११२ ला फोन.

रिफ्लेक्टरचा लाल त्रिकोण नवीन गाडीबरोबर येतो, बहुतेकांच्या डिकीत तो पॅकिंगसकट पडलेला असतो. साध्या रस्त्यावर गाडीच्या मागे निदान ५० मीटर, एक्सप्रेसवेवर १०० च्या आसपास. पावलं मोजा, साधारण सव्वा-दीड पावलाला एक मीटर. चालताना त्रिकोण छातीसमोर धरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रेलिंगच्या बाहेरून चालत जा. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या आधी. घाटात ट्रकवाले झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवतात, अडीअडचणीला तुम्हीही ठेवा हरकत नाही, पण जाताना उचला हो, ते दगड तसेच टाकून निघून जाणाऱ्यांमुळे रात्री बाईकवाले पडतात.

फोन कोणाला: ११२ सगळीकडे चालतो, अँब्युलन्सला महाराष्ट्रात १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी एमएसआरडीसीकडे (राज्याचं रस्ते विकास महामंडळ) आहेत, तिथले हेल्पलाईन नंबर रस्त्याकडेच्या पाट्यांवर असतात, टोलनाका पार करताना एखाद्याने मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. फोनवर "घाटात आहे" म्हणून भागत नाही. कुठल्या दिशेची लेन, म्हणजे मुंबईकडे जाणारी की पुण्याकडे, आणि कडेच्या छोट्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा सांगा. ताम्हिणी, वरंधा अशा घाटांत नेटवर्क मध्येच गायब होतं, तिकडे वर चढायच्या आधीच घरी कुठून चाललोय ते कळवून ठेवलेलं बरं.

पंक्चर

हे सगळ्यात जास्त वेळा होणार आणि हे खरंच स्वतः करता येतं, पहिल्यांदा पाऊण तास लागेल, नंतर वीस मिनिटं. मात्र गाडी वाहत्या ट्रॅफिकच्या कडेला असेल आणि पंक्चर उजव्या बाजूचं असेल, म्हणजे तुमची पाठ ट्रकांकडे होणार असेल, तर करू नका, मदत बोलवा.

घरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा करून बघा. स्टेपनी डिकीच्या कार्पेटखाली असते, काही सात सीटरमध्ये गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते आणि ती उतरवायला डिकीतून पाना फिरवावा लागतो, सीएनजी गाडीत सिलेंडरमुळे ती भलत्याच अडचणीत बसवलेली असते. आणि हल्लीच्या काही गाड्यांत स्टेपनी नसतेच! २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टायरची हवा सांगणारी सिस्टीम आणि रिपेअर किट दिलं असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच डिकी उघडून बघा.

आता क्रम.

१. सपाट, कडक जमीन. मातीत जॅक रुततो, खाली लाकडी फळी किंवा फरशीचा तुकडा. पहिला गिअर (ऑटोमॅटिक असेल तर पी), हँडब्रेक, आणि पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड.

२. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, काढायचे नाहीत, अर्धा आटा फक्त. नवशिके आधी गाडी उचलतात मग नट सोडवायला जातात, चाक गरागरा फिरतं आणि जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. नट घट्ट असतात कारण टायरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले असतात. पाना आडवा, डाव्या हाताच्या दिशेला बसवा आणि पायाने खाली दाबा, उड्या मारू नका, हळूहळू वजन टाका. गाडीबरोबरचा पाना फारच आखूड असतो, प्लंबरकडून दोन फूट लोखंडी पाईपचा तुकडा आणून डिकीत टाका, पान्याच्या दांड्यावर चढवला की घरातलं कोणीही नट सोडवू शकतं. अलॉय व्हील असेल तर एखादा चोरी न होणारा वेगळा नट असतो, त्याचा छोटा अडॅप्टर डॅशबोर्डच्या खणात शोधा, तो नसला तर सगळं मुसळ केरात.

३. जॅक कुठे? दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाच्या जवळ, दोन छोट्या खाचा असतात, त्यांच्या मधोमध. हाताने चाचपून बघा, लगेच लागतात. दुसरीकडे कुठे लावला तर पत्रा दबतो. टायर जमिनीपासून चार बोटं सुटेपर्यंत उचला, नवीन टायरमध्ये हवा असते त्यामुळे त्याला जास्त जागा लागते.

४. गाडी जॅकवर असताना शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये. काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक पडलाच तर गाडी चाकावर अडकते.

५. नट काढले आणि चाक हलतच नाही, असं पावसाळ्यात कोकणात हमखास होतं, रिम गंजून हबला चिकटतो. जॅकवर असताना लाथा मारू नका. सगळे नट परत हलकेच लावा, गाडी खाली घ्या, ढिल्या नटांवर एक-दोन फूट पुढे-मागे करा, कट्ट असा आवाज येतो आणि चाक सुटतं.

६. नवीन चाक बसवा, नट हाताने फिरवा, निमुळती बाजू आत. गाडी खाली घ्या आणि मग समोरासमोरचे नट आवळत जा, गोल गोल नाही.

पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत तपासा. स्टेपनीवर ८० चा स्टिकर असेल, म्हणजे टायर बाकीच्यांपेक्षा लहान असेल, तर ८० म्हणजे ८० च. स्टेपनीत हवा महिन्याला बघत जा, सगळ्या टायरमध्ये भरतो आणि स्टेपनी विसरतो हा सार्वत्रिक रोग आहे. हवा किती ते पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला विचारू नका, ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं, आणि मोजायची टायर गार असताना.

टायरच्या बाजूला डीओटीनंतर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसत असली तरी पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन भर उन्हाळ्यात समृद्धीवर जाऊ नका. लोक सिमेंटच्या रस्त्याला नावं ठेवतात, पण जुना टायर, कमी हवा, भरलेली गाडी आणि तासन्‌तास न थांबता पळवणं, एवढं एकत्र आलं की टायर फुटायला आणखी काही लागत नाही. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबून दबून तापतो. फुटलाच तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या.

चावी फिरवली आणि काहीच नाही

आवाज ऐका. टिकटिकटिकटिक आणि डॅशबोर्डचे लाईट मंदावतात, म्हणजे बॅटरी. लाईट फटफटीत आहेत पण स्टार्टर फिरत नाही, तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक पी किंवा एन मध्ये आहे का ते बघा (हसू नका, निम्म्या वेळा हेच असतं). स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल नाहीतर सेन्सर वगैरे, ते आपलं काम नाही, दोन-तीनदा प्रयत्न करून थांबा नाहीतर बॅटरीही जाईल. बटण स्टार्ट गाडी "चावी सापडत नाही" म्हणत असेल तर रिमोटचा सेल संपलाय, रिमोट बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्या चालू होतात, आणि दार उघडायला रिमोटच्या पोटातच खरी चावी असते.

बोनेट उघडून बॅटरीची टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर करंट जात नाही. क्लॅम्प हाताने हलतोय? १० नंबरचा पाना घेऊन आवळा, कधी कधी एवढ्यावर गाडी चालू होते. भुकटी गरम पाण्याने जाते, डोळ्यात उडू देऊ नका, ॲसिडचा प्रकार आहे.

जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून आपली चालू करणं, करायचा तर दुसऱ्याची कारच घ्या. मोठे ट्रक, बस यांची सिस्टीम २४ व्होल्टची असते, आपली १२ ची, ट्रकवाला मदतीला आला तरी त्याच्या बॅटरीला केबल लावू नका, तुमचे इलेक्ट्रॉनिक्स उडतील. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल केबल आधी तुमच्या मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या टोकाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दुसरी गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग तुमची मारा. चालू झाली की केबल उलट क्रमाने काढा आणि निदान अर्धा तास गाडी चालवा, लगेच टपरीवर चहाला थांबून बंद करू नका.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून, वेग आला की झटकन सोडायचा. ऑटोमॅटिक ढकलून काही होत नाही, उगाच माणसं दमतात.

आपल्याकडच्या उन्हात बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. सकाळी स्टार्टर आळसावल्यासारखा फिरायला लागला की बदला. आणि पावसाळ्यात उंदीर वायर कुरतडतात, आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघायला पैसे पडत नाहीत.

इंजिन तापलं

मे महिन्यात बोरघाटात ट्रॅफिक जाम, एसी फुल, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगतेय, आणि लाल थर्मामीटरचा दिवा लागतो. एसी बंद करा, आणि विचित्र वाटेल पण हीटर फुल करून काचा उघडा, इंजिनची थोडी उष्णता त्यातून बाहेर येते. जागा मिळाली की बाजूला घेऊन बंद करा. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बोनेटला हात लावायचा नाही, आणि वाफेऐवजी काळा धूर, जळका वास असेल तर बोनेट उघडूच नका, हवा मिळाली की आग भडकते, सगळे लांब व्हा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडण्यासारखंच आहे ते, उकळतं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) थेट तोंडावर येतं. पाऊण तास तरी थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू. प्लास्टिकच्या टाकीत मिन आणि मॅक्स खुणा असतात, कमी असेल तर कूलंट, नसेल तर पिण्याचं पाणी चालेल गॅरेज गाठेपर्यंत. तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी ओतणारे दिसतात रस्त्यात, त्याने इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. तापमानाचा आणि बॅटरीचा दिवा एकदम लागले तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता, तिथेच थांबा.

दिव्यांचा साधा नियम: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे जपून गॅरेजपर्यंत जा. लाल तेलाच्या किटलीचा दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जाऊ नका, ऑइल प्रेशर नसताना दोन मिनिटांत इंजिनचं काम मोठं होतं. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर तेही गंभीर धरा.

घाट उतरताना

डिझेल-पेट्रोल वाचवायला उताराला न्यूट्रल करणारे काका अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं, म्हणजे वाचत काही नाही आणि ब्रेक तेवढे तापतात. ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरा. चावी तर काढायचीच नाही, इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांनंतर पॅडल दगडासारखं होतं.

जळका वास आला, पॅडल खोल जायला लागलं तर सपाट जागा बघून अर्धा तास थांबा, तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, वाकते. ब्रेक पूर्ण गेलेच तर पॅडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरत थोडा थोडा ओढा, आणि काहीच नाही झालं तर डोंगराच्या बाजूला कठड्याला घासत घ्या, दरीकडे नाही.

पाण्यात गाडी बंद पडली

परत स्टार्ट मारू नका. एकदाही नाही. सिलेंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग बिल लाखात जातं. साध्या इन्शुरन्समध्ये हे बहुतेक वेळा बसत नाही, इंजिनचं वेगळं ॲडऑन लागतं, मुंबईत राहणाऱ्यांनी घ्यावंच. ढकलून बाहेर काढा आणि गॅरेजला कळवा. पाणी अर्ध्या टायरच्या वर दिसलं तर जायचंच नाही, पुढची एसयूव्ही गेली म्हणून तर मुळीच नाही.

टोचन आणि गॅरेजवाले

इन्शुरन्ससोबत किंवा कंपनीकडून रोडसाईड असिस्टन्स असतो, पॉलिसी काढून नंबर सेव्ह करा, अनेकांना आपल्याकडे तो आहे हेच माहीत नसतं. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढू नका, फ्लॅटबेड (गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. मॅन्युअल ओढायची तर चावी ऑनवर ठेवा नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं, आणि स्टिअरिंग-ब्रेक दोन्ही जड लागणार हे आधीच डोक्यात असू द्या. एक्सप्रेसवेवर दोरी नकोच.

कोणीतरी आपणहून बाईकवर येऊन "साहेब, मी टो करतो" म्हणाला तर आधी रेट आणि कुठे नेणार ते ठरवा, गाडीचा चारी बाजूंनी फोटो काढा, मीटरचाही. पंक्चरवाल्याकडे टायर पाण्यात बुडवून बुडबुडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एका खिळ्याची पाच पंक्चर होतात काही ठिकाणी. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा टाका, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. रस्त्यावरचा मिस्त्री मोठा फ्यूज किंवा तार लावून देत असेल तर नको म्हणा, वायरिंग पेटतं. सीएनजीचा वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, आणि कुठलंही बटण दाबू नका.

पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट परत मागा आणि बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या, घरी आल्यावर ओळखीच्या मेकॅनिकला दाखवता येतो, आणि स्टेपनी वापरली असेल तर मूळ टायरचं पंक्चर दुसऱ्याच दिवशी काढून घ्या.